जुम्म्याचा हप्ता

आफ्रीननं नवऱ्याकडं मेहर मागितली, तेव्हा लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सकाळची वेळ होती. तौसीफ दारात बसून चहात खारी बुडवत होता. मेहर हा शब्द कानावर पडला, तशी खारी तुटून चहात पडली आणि तिथंच राहिली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. निकाह लागताना नवऱ्यानं बायकोला द्यायची एक रक्कम काजीसमोर, साक्षीदारांसमोर ठरते. ती मेहर. ती बायकोच्या हक्काची. सासूची नाही, बापाची नाही आणि नवऱ्याची तर नाहीच नाही. काही जण ती तिथल्या तिथं मोजून देतात. पण आमच्याकडच्या बहुतेक नवरदेवांच्या खिशात त्या दिवशी अत्तर लावलेल्या रुमालाशिवाय काही नसतं, म्हणून ती उधार ठेवतात. आणि उधार राहिली की राहिलीच. पुढं तिचं नाव निघतं ते दोनच वेळी, तलाक होताना नाहीतर मयत उठताना. चांगल्या चाललेल्या संसारात, सकाळच्या चहाला, कुणी मेहर मागत नसतं.

“कावून?” तौसीफचा चेहरा उतरला. “काय झालं? माझं काय चुकलं?”

“काई चुकलं न्हाई. एकावन्न हजार ठरलेत. द्या.”

“एकदम?”

“जमतील तसे द्या. पण द्या.”

असं म्हणून आफ्रीननं त्याच्या पुढ्यातला कप उचलला, भिजलेली खारी कोंबडीपुढं टाकली आणि नवा चहा ओतून आणून दिला. घर सोडून निघालेल्या बाईनं असं केलं नसतं, हे तौसीफच्या लक्षात यायला हवं होतं. पण तौसीफचं लक्ष कुठं असतं हा एक स्वतंत्र विषय आहे.

तौसीफ चौसाळ्यातला मोटारसायकल मेकॅनिक. हायवेच्या कडेला दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत त्याचं पत्र्याचं शेड होतं. काम चोख, जीभ गोड, गिऱ्हाईक भरपूर. दारूचं नाव नाही, पत्त्यांचं नाव नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. कमाई म्हणाल तर गावातल्या कुठल्याही मास्तरच्या जावयानं हेवा करावा अशी. आणि तरी महिन्याच्या शेवटी घरात गोडं तेल आणायचं झालं, की त्याची आई अमीरबी कमरेचा बटवा सोडायची.

मग पैसा जायचा कुठं? तो जायचा चांगुलपणात. ‘नाही’ म्हणायला तौसीफची जीभ वळायचीच नाही. कुणाच्या पोराची फी, कुणाच्या गाडीचं पेट्रोल, कुणाच्या मेव्हण्याचा दवाखाना. त्यात अलीकडं शेडात ती पेटी आली होती. गिऱ्हाईकानं फोनवरून पैसे टाकले की कितीचे आले ते मोठ्यांदा सांगणारी. दुसऱ्या दुकानदारांना ती सोयीची वाटते. तौसीफच्या शेडासमोर मात्र चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात त्याचा लंगोटीयार शहेबाज बसलेला असायचा. इकडं पेटीनं “आठशे रुपये मिळाले” असं ओरडायचा अवकाश, तिकडं शहेबाजचा चहा संपायचा.

“भाई, टेम्पोत डिझेल न्हाई. पाचशे टाक. सांच्याला देतो.”

तौसीफ टाकायचा. ती संध्याकाळ काही कधी उगवायची नाही. शहेबाज वाईट माणूस होता असं नाही. त्याला विसरायची सवय होती आणि तौसीफला आठवण न द्यायची. अशा दोन सवयींची जोडी जमली की दोस्ती टिकते आणि घर बुडतं.

आफ्रीनला हे बघवायचं नाही. ती धर्मापुरीची. बाप जमीलभाई फळं विकायचा; बारावी होईपर्यंत ती शाळेतून आली की त्याच्या गाडीशी बसलेली. सीताफळाच्या दिवसांत दुपार कलली की माल मऊ पडायला लागतो, मग भाव किती पाडायचा आणि कुठं थांबायचं, हे तिनं बापाशेजारी बसून शिकलेलं. आणि जमीलभाईंचा एक नेम होता : दिवसाची विक्री झाली की आधी उद्याच्या मालाचे पैसे वेगळ्या खिशात घालायचे, मग घरचं पाहायचं. त्या वेगळ्या खिशाला घरात कुणी हात लावायचं नाही, अगदी ईद असली तरी. असल्या बापाची लेक तौसीफच्या घरी आली, आणि पाहते तर इथं खिसाच नाही, नुसतं भोक.

तिनं उपाय करून पाहिले. आधी पत्र्याचा गल्ला आणला; किल्ली तौसीफनं स्वतःच मागून घेतली, ‘हरवंल तुझ्याकडून’ म्हणून. मग गल्लीतल्या बायकांच्या भिशीत भाग घेतला. पहिलाच नंबर लागला, आणि ते पैसे शहेबाजच्या बहिणीच्या लग्नात मंडपवाल्याला गेले. मग बँकेत टाकून पाहिले. बँकेत पैसे सुरक्षित असतात हे खरं, पण त्या बँकेचं कार्ड तौसीफच्या पाकिटात होतं आणि पाकीट हॉटेलसमोर होतं.

हे सगळं असंच चाललं असतं, आणि आफ्रीननंही कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण त्या हिवाळ्यात शेडाच्या जागेचा मालक येऊन सांगून गेला की त्याला तिथं बांधकाम काढायचंय, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा. स्टँडच्या कोपऱ्यावर भगवानरावांचे नवे गाळे होते. भगवानराव भला माणूस; तौसीफनं त्यांची जुनी स्कूटर किती वेळा जिवंत करून दिली होती. ते म्हणाले, “पन्नास हजार डिपॉझिट आन, भाडं म्हैन्याला तीन हजार. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तुझ्यासाठी थांबतो, त्याच्याफुडं न्हाई.” गाळा मिळाला तर धंदा राहणार. नाही मिळाला तर बीडला, ज्या उस्तादाकडं तौसीफ लहानपणी शिकला त्याच्याच गॅरेजात, पुन्हा रोजानं जायचं. तौसीफ ‘माझं शेड’ म्हणायचा तेव्हा त्याचा आवाज जरा भरदार व्हायचा. ते ऐकायला आफ्रीनला फार आवडायचं. तो आवाज जाईल याचं तिला पैशापेक्षा जास्त भय वाटलं.

विचार करता करता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस लाइटबिल विसरतो, किराणावाल्याला विसरतो, स्वतःचा वाढदिवस विसरतो. पण मशिदीचा चंदा विसरत नाही. रमजानचा फितरा, म्हणजे गरिबांचं दान, ईदच्या आधी पोचता करतो. जे माणसांचं ते उद्यावर, जे फर्ज आहे, धर्मानं घातलेलं आहे, ते आजच्या आज. आता नवऱ्यावर फर्ज असलेली, आणि तरी बायकोच्याच हातात पडणारी अशी कुठली रक्कम असते? आफ्रीन भाकरी थापत होती. हात तसाच पिठात राहिला आणि ती एकटीच हसायला लागली.

तर ती सकाळ अशी उगवली होती. तौसीफ दुसरा चहा न पिताच उठला तो तडक मशिदीत, मौलवीसाहेबांकडं. बायको मेहर मागते, आता माझं घर कसं वाचवू, असं डोळ्यांत पाणी आणून त्यानं विचारलं. मौलवीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तिनं सैपाक केलाय का आज?” त्यांनी विचारलं.

“केलाय.”

“भाजी कशाची?”

“मेथी. मला आवडती म्हणून.”

“मग घर कशाला वाचवतोस बाबा? घर बसलंय की जाग्यावर. पन मेहर हे कर्ज हाय तुझ्या डोक्यावर. ते डोक्यावर ठिवून तू वर्षभर घोरत पडलास, आन ती बिचारी बोलली न्हाई. आता बोलली तर दे.”

तौसीफला ते लागलं. त्यानं त्याच आठवड्यापासून द्यायचं ठरवलं, आणि दिवस धरला जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारचा. नमाजेहून आला, की टोपी न काढता तो आफ्रीनपुढं उभा राहायचा आणि कधी हजार, कधी दीड हजार तिच्या हातावर ठेवायचा. ती त्याच्यासमोर मोजायची, ‘पोचले’ म्हणायची, आणि सोमवारी पोस्टात स्वतःच्या नावच्या खात्यात भरून यायची. कुठं ठेवतेस, काय करतेस, हे तौसीफनं एकदाही विचारलं नाही. विचारायचा हक्क नाही हे त्याला ठाऊक होतं.

आणि मग जे आफ्रीनच्याही मनात आलं नव्हतं ते झालं. एका गुरुवारी पेटी ओरडली आणि शहेबाज नेहमीसारखा रस्ता ओलांडून आला.

“भाई, हजार टाक. लई अडलंय.”

“उद्या जुम्मा हाय बे. मेहरचा हप्ता हाय.”

शहेबाजचा पुढं केलेला हात तसाच राहिला. बायकोच्या साडीसाठी ठेवलेत म्हटलं असतं तर त्यानं टिंगल केली असती. गाळ्यासाठी म्हटलं असतं तर ‘आजून लई टाइम हाय’ म्हणाला असता. पण मेहरच्या पैशाला हात कोण लावणार? तो परत जाऊन हॉटेलात बसला. तौसीफ पान्हा हातात धरून बघतच राहिला. आपण नाही म्हणालो आणि आभाळ कोसळलं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं. पुढच्या आठवड्यात त्यानं तेच उत्तर आणखी दोघांना दिलं. मग त्याला त्याची गोडीच लागली. कुणी मागायच्या आधीच तो सांगायला लागला.

इथंच घोटाळा झाला. हॉटेलात बसणाऱ्यांना पैसे मिळेनात, पण बातमी मिळाली : तौसीफची बायको मेहर वसूल करायलीय. बातमी हॉटेलातून गल्लीत गेली, गल्लीतून कुणाच्या तरी मावशीच्या फोनवर, आणि अंबाजोगाईत एक मुक्काम करून धर्मापुरीला पोचली तेव्हा तलाकच झाला होता. आफ्रीनच्या आईनं, अनिसानं, हंबरडा फोडला. जमीलभाईंनी गाडीवरची फळं तशीच शेजाऱ्यावर सोपवली, भाड्याची जीप केली, आणि नवरा-बायको केज मार्गे चौसाळ्यात हजर झाले.

ते दारात पोचले तेव्हा आत भांडण चाललेलं होतं. अनिसानं जमीलभाईंचा हात धरून त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. पण कान देऊन ऐकलं तर भांडण खिम्यात वाटाणे घालावेत की नाही यावरून होतं, आणि लेक जिंकत होती.

“काय गं हे?” जेवणं झाल्यावर जमीलभाईंनी विषय काढला. या घरात काय आणि त्या घरात काय, दखनी आणि मराठी मिसळूनच बोलतात. आपण सोयीसाठी मराठीच ऐकू. “चांगला नवरा हाय. मारत न्हाई, पीत न्हाई. मग मेहर कशाला मागायची? लोक काय काय बोलायलेत. माफ करून टाक पोरी. सवाब मिळंल, पुन्य लागंल.”

 बापाला उलट बोलायची आफ्रीनला सवय नव्हती. तिनं सासूकडं पाहिलं आणि तिला वाटलं, आता संपलं. कारण अमीरबी गेले काही महिने या विषयावर तोंड फुगवून होत्या. आमच्या घराण्यात कुण्या बाईनं तोंडानं मेहर मागितली नव्हती, एवढंच एकदा म्हणाल्या होत्या, आणि ते एकदाच पुरेसं होतं.

अमीरबींनी पानाला चुना लावला. मग म्हणाल्या, “न्हाई करायची माफ.”

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

“ह्याचा बाप गेला तवा जनाजा अंगनात ठिवलेला. बायांनी मला दोन्हीकून धरून भाईर आणली. म्हनल्या, अमीरबी, मेहर माफ केली म्हन, न्हाईतर मय्यत जड हुती. मी म्हनले. त्या वक्ताला कोन न्हाई म्हनंल? मला तर रक्कम पन याद नव्हती. किती माफ केले त्ये आजून मला ठावं न्हाई.” त्यांनी पान दुमडलं. “ह्या पोरीला जित्या नवऱ्याच्या हातून मिळायलीय. हसत हसत देतोय तो. मिळू द्या की.”

 आफ्रीनला सासूच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण त्या दोघींचं अजून तसं नातं जुळलेलं नव्हतं. तिनं उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं. अनिसानं हळूच वळून जमीलभाईंकडं पाहिलं. जमीलभाईंना एकदम जीपवाल्याची आठवण झाली. परतीच्या वाटेवर अनिसानं त्यांना काहीतरी विचारलं म्हणतात, आणि केज येईपर्यंत जमीलभाई खिडकीबाहेरचा ऊस बघत होते.

त्या दिवसापासून अमीरबीच हप्त्यावर नजर ठेवायला लागल्या. शुक्रवारी तौसीफला जरा उशीर झाला, की त्या दारात येऊन उभ्या. असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीला थोडे दिवस उरले असताना एका शुक्रवारी तौसीफनं शेवटचा हप्ता दिला. आफ्रीन नेहमीसारखं ‘पोचले’ म्हणाली आणि पुढं म्हणाली, “फिटली.” अमीरबींनी शिरखुर्मा केला. ईद नसताना कुणी शिरखुर्मा करत नाही, पण अमीरबींना त्या दिवशी कोण विचारणार?

आणि पुढच्याच आठवड्यात शहेबाजनं तीन हजार नेले.

तौसीफचा नाइलाज होता. सांगायला आता हप्ताच उरला नव्हता. पेटी ओरडली, शहेबाज आला, तौसीफनं तोंड उघडलं, आणि आतून शब्दच आला नाही. त्याच आठवड्यात आणखी दोघे येऊन गेले. इतके महिने जणू दाराबाहेर रांग लावून थांबली होती माणसं.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा भगवानरावांचा निरोप आला. एक मोबाइलवाला गाळा मागतोय, जास्त द्यायला तयार आहे. उद्यापर्यंत काय ते सांग. तौसीफ जेवायला घरी आला आणि हात धुता धुता म्हणाला, “बीडला उस्तादांना फोन केलतो. पाडवा झाला की ये म्हनले.”

आफ्रीन वाट बघत होती. आता मागेल, मग मागेल. याच क्षणासाठी तर तिनं सगळा खटाटोप केला होता. त्यानं मागायचं, तिनं जरा आढेवेढे घ्यायचे आणि मग पासबुक त्याच्यापुढं ठेवायचं, हे तिनं मनात किती वेळा रंगवलं होतं. तौसीफनं दुसरी भाकरी घेतली, तिसरी घेतली, पण शब्द काढला नाही. शेवटी तिच्याच्यानं राहवेना.

“माझ्याकडं हायत की पैसे.”

“त्ये तुझे हायत,” तो म्हणाला. “मेहर देऊन परत मागनारा मानूस मी न्हाई. मौलवीसाबांना काय तोंड दाखवू? मी बीडला जाईन. त्यात काय एवढं? बस हाय सकाळची.”

तो सरळ मनानं बोलत होता. पण ‘बस हाय सकाळची’ म्हणताना त्याचा तो भरदार आवाज कुठंच नव्हता.

तो गेल्यावर आफ्रीन चुलीपाशी बसून राहिली. तिनं लावलेल्या जाळ्यात ती स्वतःच अडकली होती. मेहर पवित्र म्हणून त्यानं ती दिली, आणि पवित्र म्हणूनच आता तो तिला शिवत नव्हता. पण तिला खरी लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. तौसीफ नको म्हणाला तेव्हा तिला आतून बरं वाटलं होतं. हे पैसे गाळ्यासाठीच जमवायचे हे तिचंच ठरलेलं. तरीही पासबुकावर स्वतःचं नाव आणि पुढं तो आकडा पाहिला की तिला उंच झाल्यासारखं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा तिचं स्वतःचं काही होतं. ते नवऱ्याच्या हातावर ठेवायचं, म्हणजे परत त्या पेटीच्या आणि हॉटेलाच्या मधोमध ठेवायचं. आणि नाही द्यायचं, तर हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजात, दुसऱ्याच्या हाकेला उठबस करणार. दोन्ही तिला सोसणार नव्हतं.

तिला बापाची फळगाडी आठवली. ती गाडी जमीलभाईंची नव्हतीच मुळी. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या तशा दहा-बारा गाड्या होत्या. तो स्वतः कधी उन्हात उभा राहिला नाही, रोजचं भाडं घ्यायचा. लहानपणी तिला त्या माणसाचा फार राग यायचा. आज पहिल्यांदाच तिला तो हुशार वाटला.

ती उठली. बुरखा चढवला. “अम्मी, चला माझ्यासंगट,” म्हणाली. अमीरबींनी कुठं ते न विचारता चपला घातल्या.

पोस्टातून पैसे काढून दोघी भगवानरावांच्या दुकानात गेल्या. त्यांनी नोटा मोजल्या, पावतीवर तारीख घातली आणि म्हणाले, “तौसीफ न्हाई आला? असू दे, त्याच्या नावानं करतो.”

“माझ्या नावानं करा, काका.”

भगवानरावांचा पेन थांबला. “तू गॅरेज चालवनार?”

“मी गाळा घेनार. गॅरेज चालवायला मानूस हाय माझ्याकडं.”

“घरच्यांना इचारलंस का पोरी?”

“घरची मीच हाय,” मागून अमीरबी म्हणाल्या. “लिवा तुमी.”

भगवानरावांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, लिहिलं आणि गाळ्याची किल्ली पुढं सरकवली. तिथून त्या थेट शेडावर आल्या. तौसीफ एका गाडीचं इंजिन खोलून बसला होता, कोपरापर्यंत काळा झालेला. समोर हॉटेलात शहेबाज होताच. आफ्रीननं किल्ली तौसीफच्या डोळ्यांसमोर धरली.

“हे काय?”

“भगवानरावांचा गाळा.”

तौसीफ उभा राहिला. त्याच्या तोंडावर आनंद आला आणि लगेच पुसला गेला. “मी म्हनलो होतो ना आफ्रीन, मी घेनार न्हाई.”

“तुमाला कोन द्यायलंय? गाळा मी भाड्यानं घेतलाय. माझ्या नावावर. मला भाडेकरू पाहिजे, म्हनून इचारायला आले.”

“भाडेकरू?”

“आठवड्याला हजार. जुम्म्याच्या जुम्म्याला.”

तौसीफनं मनात हिशोब केला. “भगवानराव तर म्हैन्याला तीन हजार घेतेत!”

“मग जावा की भगवानरावांकडं.”

हॉटेलात कुणीतरी फसकन हसलं. तौसीफ क्षणभर गोरामोरा झाला. एवढ्या लोकांत बायकोनं आपल्याला भाडेकरू केलं, याचा राग यायला हवा की काय, हे तो चाचपून बघत होता असं दिसलं.  आफ्रीननं सगळा विचार केला होता, पण याचा केला नव्हता.

“आन न्हाई दिलं भाडं तर?” त्यानं विचारलं.

“तर सामान भाईर. घरी या, जेवा, नवरा हाय तुमी. पन गाळा रिकामा करायचा.”

“नात्यातल्या मानसाला काई सूट?”

“डिपॉझिट मागितलं का मी?”

आता मात्र तौसीफ खदखदून हसला. शहेबाजही हसत रस्ता ओलांडून आला आणि सवयीनं म्हणाला, “भाई, ह्या खुशीत पाचशे...”

“भाडं द्यायचंय बे,” तौसीफ म्हणाला. ते म्हणताना त्याचा आवाज असा काही भरला, की आफ्रीनला डोळ्यांतलं पाणी लपवायला नकाब खाली ओढावा लागला. एवढ्याच आवाजासाठी तर तिनं वर्ष काढलं होतं.

तौसीफनं चिंधीला हात पुसले. पुसून पुसून निघाले तेवढे काढले. मग दोन बोटांनी खिशातून नोटा काढल्या, पाचशेच्या दोन वेगळ्या केल्या आणि तिच्यापुढं धरल्या.

“आज मंगळवार हाय,” आफ्रीन म्हणाली.

“माहीत हाय. घेऊन ठिव. शुक्रवारपस्तोर माझ्याजवळ राहतील का त्या?”

आफ्रीननं नोटा घेतल्या, त्याच्यासमोर मोजल्या आणि ‘पोचले’ म्हणाली.